गुलाबी भिंतीचं घर

१

"गेलं! माझं दीपगृह गेलं! चोरलं साल्याने!"

रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरून ही आरोळी आली तेव्हा मी खाली माझ्या घरी केसांना कलप लावत बसले होते. अर्धं डोकं काळं, अर्धं खरं, अशा अवतारात जिना चढून धावले. जिन्यात शेजारची आजी भेटली. ती मला बघून भिंतीला चिकटली.

वर दादा बनियनवर, कॉम्प्युटरसमोर, डोक्याला हात लावून उभा. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. लोकांना लांबचं-जवळचं दिसावं म्हणून दिवसभर भिंगं बसवतो, आणि स्वतःला स्क्रीनपलीकडचं काही दिसत नाही. चोरीला गेलेलं दीपगृहही दगडविटांचं नव्हतं, गेममधलं होतं.

हा गेम इतका जुना की तो काढणारी कंपनी कधीच बुडाली. धुक्यातलं एक बंदराचं गाव, वीज नाही, सगळीकडे कंदील. आपण पोस्टमन. घरोघरी जायचं, दाराच्या घंटेची दोरी ओढायची, दार उघडेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि पत्र द्यायचं. बास. मारामारी नाही की काही नाही. तरी दादासारखे शंभरेक खुळे अजून त्या गावात परत परत जातात. नुसते जात नाहीत, भरही घालतात. कंपनीने मोजकीच घरं दिली होती. दादा आणि त्याच्या दोन दोस्तांनी त्यात गल्ल्या, विहिरी, बेकरी, काय वाटेल ते बांधून ठेवलंय. जुन्या गेममध्ये अशी पदरची भर घालायची, याला म्हणे मॉड म्हणतात. या तिघांच्या टोळीचा एक सामाईक फोल्डर आहे. ज्याने जे बांधलं ते त्याने त्यात टाकायचं, बाकीच्यांच्या मशीनवर ते आपोआप उतरतं.

टेकडीवरचं दीपगृह हे दादाचं ताजं बाळ. दोन वर्षं खपला होता. आज संध्याकाळी सगळ्या खुळ्यांना बोलावून त्याचं उद्घाटन करायचं ठरलं होतं. आणि आज सकाळी टेकडीवर दीपगृह नाही! तिथे एक बुटकं, लाल कौलांचं घर उभं.

"गोळीवाल्याचं काम आहे हे," दादा दात-ओठ खात म्हणाला. "संध्याकाळी सगळ्यांसमोर नाव घेतो त्याचं. टोळीतून हाकलतो. घोषणा लिहूनसुद्धा ठेवलीय, बघ."

गोळीवाला म्हणजे कोपऱ्यावरचा औषधांच्या दुकानाचा मालक, दादाचा शाळेपासूनचा मित्र. दादाचे एकूण मित्र दोन. त्यातला हा एक.

मी मागे वळून पॅसेजमध्ये पाहिलं. तिथे वहिनीची बॅग उघडी पडली होती.

आता हे सांगायलाच हवं. वहिनी उद्या सकाळी निघणार होती. ती कापडावरच्या नक्ष्या काढते. दुसऱ्या शहरातल्या नव्या गिरणीने तिला नक्षी विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. राहायला घर, पगार चांगला, किमान दोन वर्षं. तिने ही बातमी सांगितली तेव्हा मी तिथेच होते. दादा म्हणाला, "जा की! अशी संधी परत येत नाही." आणि पुन्हा स्क्रीनमध्ये तोंड घातलं. आपण औदार्याचा कळस केला असं त्याला वाटलं असणार. वहिनी काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा मला मजा येते, ती गप्प बसते तेव्हा धडकी भरते. हे घर आता मोडतंय, ही भीती मला तेव्हापासून आतून कुरतडत होती. आणि घरातली बाई निघालेली असताना हा बाबा दीपगृह शोधत होता!

"संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हटलं. "पुराव्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. मी बघते."

मी विमा कंपनीत दावे तपासते. जळलेली गोदामं, हरवलेले दागिने, पायऱ्यांवरून घसरलेले सासरे, सगळं बघितलंय. माणूस खोटं बोलतोय असं धरूनच मी सुरुवात करते. खरं बोलला तर तेवढीच करमणूक.

"बघा, फौजदार," दादा म्हणाला. "पण चोर गोळीवालाच निघणार."

२

आधी गुन्ह्याची जागा बघून घेतली.

दादाने की-बोर्डवर काहीतरी खटखट केलं आणि त्याचा पोस्टमन सरळ भिंतीतून आरपार त्या घरात शिरला.

"अरे, दार आहे ना समोर!"

"याला आम्ही भूत होणं म्हणतो. काम करताना प्रत्येक दारातून कोण जात बसेल? भूत व्हायचं, भिंतीतून घुसायचं, बघायचं, बाहेर. वेळ वाचतो."

आत एकच खोली. खिडकीजवळ एक लांब टेबल, मोकळं. दोन खुर्च्या. कोपऱ्यात चूल, फळीवर चार भांडी. आणि भिंती! आई गं! चारही भिंती डोळ्यांत खुपतील अशा गुलाबी. औषधाला दुसरा रंग नाही. टेबलाच्या वर भिंतीवर पांढरा चौकोन होता, त्याला बटणं आणि तीन भोकं.

"हे काय?"

"विजेचा बोर्ड दिसतोय," दादा कडवटपणे म्हणाला. "माझ्या दीपगृहाच्या जागी खुराडं बांधलं, त्याला वेश्येच्या कोठीचा रंग दिला, आणि वर हा बोर्ड. मुद्दाम खिजवायला केलंय सगळं. दुसरं काय?"

खिजवायला केलेल्या वस्तूत एवढी निगुती नसते, असं मला वाटून गेलं. खुर्च्यांच्या पाठी सारख्या नव्हत्या. एक उंच, एक ठेंगणी. चोर एवढा विचार कशाला करेल?

स्वयंपाकघरात वहिनी चहाचे कप पुसून कागदात गुंडाळत होती. दोनच कप.

"काय वन्सं, चौकशी समिती बसली वाटतं? आणि डोक्याचं काय करून घेतलंयत?"

"डोकं जाऊ दे. तुझ्या नवऱ्याचं दीपगृह गेलंय."

"ऐकलं. सगळ्या इमारतीने ऐकलं." तिने कप बाजूला ठेवला. "एक टेबल, दोन खुर्च्या, निळ्या फुलांच्या भिंती, एवढंच तर आहे त्या घरात. त्याच्यापायी शाळेपासूनची मैत्री मोडायला निघालेत. धन्य आहे!"

"तुला कुणाचा संशय येतो?"

"माझ्या संशयाचं काय घेऊन बसलात? चोर म्हणा, दरोडेखोर म्हणा. घर कसलं आहे, कुणासाठी आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही." आवाजात धार होती. मग ती एकदम मऊ झाली. "तुमचा कलप ओघळतोय बघा कानावर. धुऊन घ्या आधी."

मी नळाखाली डोकं धरलं. वहिनी चिडली होती, पण दादावर चिडायला तिच्याकडे दीपगृहापेक्षा मोठी कारणं होती. म्हणून मी ते तिथेच सोडलं. दावे तपासणाऱ्या बाईने असं काही सोडू नये.

केस पुसतेय तोच दादा फोन नाचवत आला. "हे बघ! हे बघ तुझा पुरावा!"

गोळीवाल्याने टोळीच्या गप्पांमध्ये एकच ओळ टाकली होती: 'दीपगृह गेलं? देव आहे म्हणायचा.'

३

गोळीवाल्याच्या दुकानात मी शिरले तेव्हा तो काउंटरमागे कॉम्प्युटरवर वाकला होता. मला बघितल्याबरोबर त्याने स्क्रीन असा खटकन विझवला की माझे कान उभे राहिले.

"या, या! बीपी की डोकेदुखी?"

"डोकेदुखी. तुझ्यामुळेच आहे. काय लपवलंस?"

"कुठे काय! हिशेब."

"हिशेबात पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजते का रे?"

तो लालबुंद झाला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याने खोकल्याचं औषध मागितलं. मी स्टूल ओढून बसले. गिऱ्हाईक गेलं.

"दीपगृहाला तुझा विरोध होता ना?"

"होता. आहे. राहणार!" एकदम उसळला. "अगं, मूळ गेममध्ये ती टेकडी मोकळी आहे. पत्रं वाटून झाली की पोस्टमन तिथे जातो आणि नुसता समुद्र बघतो. तेवढाच क्षण आहे त्या गेममध्ये खरा. मी अजून जातो तिथे. तुझ्या भावाने त्यावर खांब रोवला! मी म्हटलं, जुनं जसं होतं तसं ठेव. तो म्हणाला, तुझ्या गोळ्या विक. बोलणं बंद आहे आमचं."

"मग तू खांब काढून टाकलास."

"आणि त्याच्या जागी घर बांधलं? मी? आणि घरात विजेचा बोर्ड लावला?" त्याचा आवाज चिरकला. "कंदिलांच्या गावात बोर्ड! मी सकाळी तो बघितला आणि नाश्ता उतरला नाही घशाखाली. गावात कुणी काडेपेटीचा चुकीचा छाप काढला तरी मी भांडतो. विचार त्याला!"

हे खरं होतं. काडेपेटीवरून आठवडाभर भांडण चाललेलं मी स्वतः ऐकलं होतं. जुन्याचा एवढा कडवा माणूस रागाच्या भरात दीपगृह उडवेल एक वेळ, पण कंदिलांच्या गावात वीज आणणार नाही. शाकाहारी माणूस सूड म्हणूनसुद्धा कोंबडी कापत नाही.

तरी माझा स्वभाव! "स्क्रीन लाव."

"अगं कशाला..."

"लाव म्हणते ना."

स्क्रीन उजळला. पोस्टमन गल्लीत उभा होता. कोपऱ्यात वेळेचं घड्याळ होतं, ते हलतच नव्हतं.

तो खाली बघत राहिला.

"वेळ थांबवून खेळतोस?"

"गुडघ्यासारखी बोटंसुद्धा म्हातारी होतात," तो पुटपुटला. "पत्रं वेळेत पोचत नाहीत आता. सांगू नकोस तुझ्या भावाला, पाया पडतो. जन्मभर त्याला सांगत आलोय, गेम खेळावा तर मूळ नियमांनी."

मला इतकं हसू आलं की बीपीचं यंत्र पडता पडता राहिलं. मग त्याला त्या घरात घेऊन जायला सांगितलं. तोही भूत होऊन भिंतीतून घुसला. भिंती तशाच, भडक गुलाबी.

"मग कोण?" मी विचारलं.

"मी असतो तर टाचणीला विचारलं असतं," गोळीवाला म्हणाला. "दीपगृह चुकीच्या जागी आहे म्हणून तीसुद्धा भांडली होती. आणि फोल्डरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, आम्हा तिघांकडेच आहे."

४

टाचणी ही टोळीतली तिसरी. जमिनी मोजायचं काम करते, लांब कुठेतरी राहते, आणि कुणाचीही चूक दिसली की टोचते, म्हणून हे नाव. मी दादाकडून नंबर घेऊन व्हिडिओवर फोन लावला. स्क्रीनवर एक बारीक चणीची, डोक्याला रुमाल बांधलेली बाई दिसली.

"मी वाटच बघत होते. दीपगृहावरून मी भांडले होते, बरोबर? भांडले. टेकडीवरून दिवा लावला तर जहाजं खडकावर जातील. ते खालच्या सुळक्यावर हवं. अजूनही म्हणते."

"म्हणजे तुलाही ते नको होतं."

"तिथे नको होतं. पाडायला मी नगरपालिका आहे का?"

मला ती आवडली. मी म्हटलं, त्या घराच्या भिंती दाखव. तिने तिचा कॉम्प्युटर कॅमेऱ्यासमोर वळवला. याही भिंती गुलाबी.

"काय घाणेरडा रंग निवडलाय," मी म्हटलं.

"कुणी निवडला?" टाचणी हसली. "ताई, तो रंग नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? भिंतीवर जे चित्र चिकटवायचं त्याची फाइल वेगळी असते. ती फाइल सापडली नाही की हा गेम भोक बुजवायला गुलाबी फासतो. आमचा सगळ्यांचा नेहमीचा घोळ आहे हा. फाइल स्वतःच्या मशीनवर असते, आपल्याला भिंत सुरेख दिसते, आणि घर फोल्डरमध्ये टाकताना ती बरोबर पाठवायला माणूस विसरतो. मग सगळ्या जगाला गुलाबी दिसतं आणि बांधणारा म्हणतो, माझ्याकडे तर झकास दिसतंय!"

मी फोन घट्ट धरला. "थांब. म्हणजे ज्याने घर बांधलं..."

"त्याला ती भिंत गुलाबी दिसणारच नाही. त्याला एकट्यालाच खरी भिंत दिसते."

"आणि दीपगृह?"

"कुठे गेलंय ते? आहे तिथेच. एकाच जागेवर दोघांनी बांधलं, तर या गेममध्ये शेवटी येणाऱ्याचं चालतं. घर नंतर आलं, त्याने दीपगृह झाकलं. घर उचला, खाली दीपगृह तसंच्या तसं मिळेल. तुमचे भाऊ ओरडायचे थांबले असते तर मी सकाळीच सांगितलं असतं." मग जरा विचार करून म्हणाली, "मला एक गंमत वाटते. घर बरोब्बर टेकडीच्या मधोमध बसवलंय, मागचा रस्ता, कुंपण, सगळं सांभाळून. जागा मोकळी दिसत असल्यासारखं. या माणसाकडे गावाची जुनी प्रत असणार. दीपगृहाच्या आधीची. त्याला ठाऊकच नसेल आपण कशावर बांधतोय ते."

म्हणजे चोरीच नव्हती! पण मग कोण? किल्ली तिघांकडे. दादाच्या भिंती गुलाबी. गोळीवाल्याच्या गुलाबी. टाचणीच्या गुलाबी. तिन्ही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. चौथं कोण होतं जे फोल्डरपर्यंत पोचू शकत होतं?

दादाचा कॉम्प्युटर कधी बंद नसतो. फोल्डरही सताड उघडा असतो. त्या खोलीत कोणीही जाऊ शकतं. म्हणजे मी. किंवा...

मी जिना चढत होते. चढता चढता पायरीवरच बसले.

एक टेबल, दोन खुर्च्या, निळ्या फुलांच्या भिंती.

५

वर गेले तर दादा खुर्चीत ताठ बसलेला, घोषणा उघडलेली, बोट बटणावर.

"हात काढ तिथून!" मी अशी ओरडले की त्याने खरोखर हात वर केले. "दादा, त्या घराच्या भिंतींवर निळी फुलं आहेत."

"गुलाबी आहेत."

"तुला गुलाबी दिसतात. गोळीवाल्यालाही, टाचणीलाही. निळी फुलं फक्त बांधणाऱ्याला दिसतात, हे तूच मला सांगायला हवं होतंस. तुझ्या डोक्यात राग शिरला की अक्कल बाहेर जाते. आणि आज सकाळी मला निळ्या फुलांच्या भिंती कुणी सांगितल्या माहितीय? वहिनीने."

त्याने वर केलेले हात खाली घेतले. मग हसला. "ती? अगं ती या गेमकडे ढुंकून बघत नाही. मी मागे एकदा तिच्या लॅपटॉपवर घालून दिला होता, हौसेने. तिने उघडलासुद्धा नसेल."

"कधी घालून दिला होतास?"

"झाली की तीनेक वर्षं. तेव्हा दीपगृह..." आणि तो थांबला.

"तेव्हा दीपगृह नव्हतं. टेकडी मोकळी होती. तिच्या लॅपटॉपवर अजून मोकळीच आहे. घर तिने तिथे बांधलं आणि तुझ्या उघड्या फोल्डरमध्ये आणून टाकलं."

"पण बांधायला येतं कुठे तिला?"

"दिवसभर कॉम्प्युटरवर काय करते ती, गाढवा? नक्ष्या काढते! फुलंच काढते! आणि बाकीचं शिकवायला तू बसलायस ना, नवशिक्यांसाठी एवढं मोठं मार्गदर्शन लिहून ठेवणारा?"

दादाने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"मग तिने मला का नाही सांगितलं? चोर चोर म्हणून सकाळपासून बोंबलतोय मी. ती तिथे कप पुसत ऐकत होती."

"ते मलाही कळत नाही. पण मला दुसरं कळलंय. तो बोर्ड बघ. कंदिलांच्या गावात बोर्ड कुणाला लागेल? कुठे लावलाय तो?"

"टेबलाच्या वर."

"खिडकीपाशी लांब टेबल. वर बोर्ड, तीन भोकांचा. त्या टेबलावर काय ठेवायचं असेल?"

दादाने स्वतःच्या टेबलाकडे पाहिलं. भिंतीत कोंबलेलं, खिडकी नाही, एकाच बोर्डात तीन वायरी खुपसलेल्या. त्याच्या खुर्चीची पाठ उंच. वहिनीची, जेवणाच्या टेबलाशी असते ती, ठेंगणी. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"गिरणीचं क्वार्टर," तो म्हणाला. "तिने फोटो दाखवले होते. एकच मोठी खोली, लाल कौलं. मी... मी नीट बघितले नाहीत गं."

"आता मला एक सांग. या घराचं दार कुणी उघडलं?"

"म्हणजे?"

"तू भिंतीतून गेलास. गोळीवाला भिंतीतून गेला. टाचणीही गेली असणार. तुम्ही सगळी भुतं! या गेममध्ये दाराची घंटा वाजवली की कुणीतरी दार उघडून बोलतं ना? मग या घराची घंटा कुणी वाजवली?"

दादाने खुर्ची स्क्रीनकडे ओढली.

"कुणीच नाही," दादा म्हणाला. "मार्गदर्शनात पहिलंच वाक्य मी लिहिलंय. घर बांधलं की आधी पाहुण्यासारखं दारातून आत जा. मी स्वतः कित्येक वर्षांत गेलो नाही."

त्याने पोस्टमनला बाहेर काढलं. टेकडीच्या पायथ्यापासून रस्त्याने चालवत वर आणलं. धुकं होतं, खाली बंदरातले कंदील मिणमिणत होते, आणि ते बुटकं घर जवळ आलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की दारात दोन जोड चपला काढलेल्या आहेत. भिंतीतून जाणाऱ्याला त्या दिसणार कशा?

पोस्टमनने दोरी ओढली. घंटा वाजली.

दार उघडलं. एक बाई उभी होती, हातात पुसायचं फडकं. चेहरा काही फारसा जमला नव्हता, नाक तर वाकडंच होतं, पण उभं राहण्याची ढब अगदी वहिनीची होती. तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली.

'टेबल खिडकीपाशी लावलंय. येताय ना?'

आणि खाली पोस्टमनने निवडायची दोन उत्तरं. 'येतो.' आणि 'जा की, चांगली संधी आहे.'

६

मला वाटलं, दादा आता 'येतो' दाबेल. त्याने दाबलं नाही. आधी ती घोषणा पुसली. मग गोळीवाल्याला फोन लावला, आणि तिकडून 'हॅलो' येताच म्हणाला, "चुकलं माझं. टेकडी मोकळी नाही ठेवता येणार, घर राहील तिथे. पण दीपगृह हलवतो खालच्या सुळक्यावर. टाचणीला सांग तिचंच खरं." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"मी चोर चोर म्हणत होतो ते ती ऐकत होती," तो म्हणाला. "दिवसभर. आणि तिला वाटलं असेल, यांनी घर बघितलं, आणि हेच उत्तर."

"तिला वाटलं असेल नाही. तिला तेच वाटलं. सकाळी मला म्हणाली, घर कुणासाठी आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मी ऐकून सोडून दिलं."

"दुकानाचं काय करू?"

"चष्मे तिकडच्या लोकांनाही लागतात. डोळे काय एकाच गावचे अधू होतात?"

तो उठला. वहिनी आतल्या खोलीत होती. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येत होता, अडकत होती, पुन्हा ओढत होती. मला वाटलं, दादा तिकडे जाईल. तो उलटा वळला, पायात चपला घातल्या, बाहेर गेला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

हा पळाला की काय, असा संशय माझ्या मनात आलाच. सवयच तशी.

मग बेल वाजली.

"आता या वेळी कोण कडमडलं?" वहिनी आतून आली. मी पॅसेजमध्ये बॅगेशेजारी उभी होते, पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हातात फडकं होतं. तिने दार उघडलं.

दारात दादा. बनियनवर, एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्यात माझी.

"किल्ली विसरलात?" वहिनी म्हणाली.

"नाही. म्हटलं, एकदा दारातून यावं."

वहिनी काही बोलली नाही. फडकं तिने दोन्ही हातांत धरलं. तिच्या गप्प बसण्याची मला धडकी भरते हे मी आधीच सांगितलंय.

"मी सकाळपासून चारदा त्या घरात जाऊन आलो," दादा म्हणाला, "आणि एकदाही बेल वाजवली नाही. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडणार नाही."

"शोधायला कशाला जायचं?" ती म्हणाली, पण डोळे भरून आले होते. "निळी फुलं बघितलीत का तरी?"

"गुलाबी दिसतात आम्हाला. फाइल पाठवायची विसरलीस."

"अगंबाई!" तिने तोंडावर हात घेतला, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "म्हणून कुणी काही बोललं नाही होय! तीन रात्री काढल्या हो मी त्या फुलांवर."

"तिथे प्रत्यक्ष लाव. मी येऊन बघतो." तो घुटमळला. "त्या टेबलाला ड्रॉवर आहे का गं? माझे स्क्रू-बिक्रू, वायरी, बरंच काय काय असतं."

"दोन आहेत. त्यातला एक माझा," वहिनी म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "आता आत या. बनियनवर उभे आहात, शेजारची आजी बघतेय."